दाराबाहेरची खुर्ची: नागपुरातली खासगी स्पीच थेरपी, पैसे भरण्याआधी

खासगी स्पीच थेरपी सेंटर कसं आहे ते कळायला आतल्या खोलीपर्यंत जावं लागत नाही. बाहेरच्या खुर्च्या बघाव्या. पाच-सहा आया, एखादे आजोबा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत, आतलं दार बंद, आणि पाऊण तासानं लेकरू बाहेर आलं की मागून "आज छान बसला हं" एवढाच निरोप. अशा जागेला आमच्याकडून पाचांपैकी दोन. भिंतीवर कितीही गोड हत्ती रंगवलेले असोत.

हिशोब साधा आहे. लहान मूल दिवसाला १२ तास जागं धरलं तर आठवड्याचे ८४ तास होतात. आठवड्याला तीन सेशन, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. उरलेले जवळजवळ ८२ तास मूल घरी, अंगणवाडीत, आजीजवळ असतं आणि भाषा तिथेच शिकतं. त्या ८२ तासांत काय करायचं हे घरच्यांना शिकवणं हे थेरपिस्टचं अर्ध्याहून अधिक काम. ते शिकवायचं तर पालकाची खुर्ची दाराच्या आत हवी. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या पट्ट्यात जा, धरमपेठ-प्रतापनगरात जा, नाहीतर मानेवाडा, मनीषनगर, जरीपटक्यातल्या दोन खोल्यांच्या क्लिनिकमध्ये, कसोटी हीच लावावी. सेंटरांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. थेरपिस्ट बदलली की त्याच पाटीखालचं काम बदलतं, आणि ती बदलत असतेच.

पहिला प्रश्न कानाचा

चांगलं सेंटर फोनवरच विचारतं, "ऐकण्याची तपासणी झाली का?" हा प्रश्न न विचारता थेट पॅकेज सांगणाऱ्या ठिकाणी पुढचं काही बघायची गरज नाही.

"टाळी वाजवली की वळून बघते ना तो" ही तपासणी नव्हे. मूल टाळीचा हात पाहतं, हवा लागते, सावली हलते. शिवाय बऱ्याच मुलांना ट्रकचा हॉर्न, दार आपटल्याचा आवाज नीट येतो, पण स, श, फ यांसारखे बारीक आवाज निसटतात. अशा मुलाला लोक हट्टी म्हणतात, लक्ष नसलेलं म्हणतात.

तपासण्या तीन-चार आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं. ओएई काही मिनिटांत होते आणि आतल्या कानाचा प्रतिसाद बघते. टिम्पॅनोमेट्री पडद्यामागे पाणी साचलंय का ते सांगते. बेरा मूल झोपेत असताना होते आणि कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा प्रतिसाद नोंदवते. अडीच-तीन वर्षांच्या पुढे आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, अशी खेळातली ऑडिओमेट्रीही जमते. नुसती ओएई चांगली आली म्हणून विषय संपत नाही. काही मुलांत आतला कान ठीक असतो, पण नस संदेश नीट नेत नाही. त्यांची ओएई उत्तम येते आणि बेरा बिघडलेली. जन्मतः पेटीत ठेवलेलं, जोरात कावीळ झालेलं, मेंदूज्वर होऊन गेलेलं मूल असेल तर बेरा हवीच. जन्माच्या वेळी "पास" लिहिलेला कागद त्या दिवसापुरता असतो.

बेराचा दिवस बहुतेक वेळा वाया जातो तो झोपेपायी. आदल्या रात्री उशिरा झोपवायचं, सकाळी लवकर उठवायचं आणि वाटेत झोपू द्यायचं नाही. मानेवाड्याहून धंतोलीला येईपर्यंत ऑटोत डुलकी लागली की टेबलावर पोरगं टक्क जागं. डोक्याला तेल नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. झोपेचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीतच, घरून पाजून आणायचं नाही. ही तपासणी थेरपी सेंटरमधूनच करायला हवी असं काही नाही. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात आधी चौकशी करावी, खर्च बराच वाचतो.

सर्दीनंतर पडद्यामागे साचणारं पाणी हा नेहमी सुटणारा मुद्दा. त्यात ऐकू येणं आठवड्यागणिक कमी-जास्त होतं, म्हणून घरच्यांना खात्रीच पटत नाही. तीन महिने थेरपी करून प्रगती शून्य आणि मग कानात पाणी सापडतं, तेव्हा त्या तीन महिन्यांची फी परत कोणी करत नाही.

आत कोण बसतं

वाचा आणि श्रवण या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंद १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. नोंदणी नसताना व्यवसाय करणं त्या कायद्यात गुन्हा आहे. बीएएसएलपी ही पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांची, त्यापुढे मास्टर्स. डीएचएलएस हा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, आणि त्या व्यक्तीनं वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करायचं असतं. दोन्हींत फरक आहे, तसाच फीमध्येही दिसायला हवा.

भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट बहुधा मालकाचं असतं. मुलाला रोज घेणारी व्यक्ती दुसरीच असते, कधी शिकाऊ, कधी स्पीच थेरपिस्टच नसलेली "थेरपी असिस्टंट". म्हणून "तुमच्याकडे क्वालिफाइड स्टाफ आहे का" असं विचारून उपयोग नाही, उत्तर "हो" असंच येतं. विचारायचं असं: "माझ्या मुलाला कोण घेणार, त्यांचा आरसीआय नंबर काय, आणि त्या सोडून गेल्या तर आम्हाला किती दिवस आधी कळेल?" नंबर परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो. या प्रश्नाचा राग येणाऱ्या ठिकाणाहून उठून यावं.

पहिली तपासणी तासाभराच्या आत उरकली तर काहीतरी राहिलं. मुलाला किती समजतं आणि किती बोलता येतं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या असतात. रील्स नावाची भाषेची चाचणी, म्हैसूरच्या वाचा-श्रवण संस्थेची थ्रीडी-लॅट अशी साधनं त्यासाठी आहेत. सोबत खेळ कसा आहे, बोट दाखवून मागतो का, नजर मिळवतो का, घास चावतो का, टाळू आणि जीभ कशी आहे, हेही बघितलं जातं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलासाठी एम-चॅट ही प्रश्नावली भरून घेतात. तीत गुण जास्त आले म्हणजे स्वमग्नता ठरली असं होत नाही. ते निदान विकास-बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांचं काम आहे. एकट्या स्पीच थेरपिस्टनं पहिल्याच भेटीत "ऑटिझम आहे" किंवा "ऑटिझम अजिबात नाही" असं सांगितलं तर दोन्ही वेळा सावध राहावं.

लेखी अहवाल मिळायलाच हवा, आणि त्यात उद्दिष्टं अशी हवीत की ती पूर्ण झाली की नाही हे आजीलाही सांगता यावं. "संवादकौशल्य सुधारणे" हे उद्दिष्ट नाही, ते निवडणुकीचं आश्वासन आहे. "सहा आठवड्यांत कुणी न सांगता, दिवसातून निदान पाच वेळा, दे, नको, अजून यांपैकी एखादा शब्द किंवा खूण वापरेल" हे उद्दिष्ट. दर तीन महिन्यांनी या कागदावर पुन्हा बसायचं, आणि त्या बैठकीची वेगळी फी आहे का ते आधीच विचारून घ्यायचं.

काया, डोया आणि पुण्याची वर्कशीट

इथे नागपूरची खरी गोम आहे. बाहेरून शिकून आलेल्या किंवा छापील साहित्यावर विसंबणाऱ्या थेरपिस्टच्या हातून जास्तीत जास्त चुका इथेच होतात.

वऱ्हाडी-नागपुरी घरात "काळा"चा "काया" होतो, "डोळा"चा "डोया", "पोळी"ची "पोई". "पाणी"चं "पानी". प्रमाण मराठीची चाचणी हातात घेऊन बसलेल्या बाईंना हे ळ आणि णचे दोष वाटतात. दोष कसला, मुलानं आजीचीच भाषा अचूक उचलली आहे. चार वर्षांचं पोर घरात सगळे म्हणतात तसं "डोया" म्हणत असेल तर त्याच्यावर ळची थेरपी लावणं म्हणजे नसलेल्या आजाराचं बिल. शाळेत मराठीच्या बाईंनी टोकलं तर तो शिकवण्याचा विषय, उपचाराचा नाही.

व्याकरणातही तेच. "तो जाते", "बाबा येऊन राहिला", "मी खाऊन राहिलो" ही रूपं इथल्या बोलीत नियमानं येतात. लिंगाची चूक, क्रियापदाची चूक असे शेरे मारून गुण कापले तर भाषेचं वय वर्षा-दीड वर्षानं खाली उतरतं आणि पालक घाबरून जास्तीचं पॅकेज घेतात. चांगली थेरपिस्ट आधी पालकांना पाच मिनिटं मोकळं बोलू देते, त्यांची बोली टिपते, मग मुलाचं मोजमाप त्या बोलीशी लावते. हे करणारी बाई मिळाली तर खोली लहान असली, एसी नसला तरी चालवून घ्यावं.

दुसरा गोंधळ भाषांच्या संख्येचा. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी हे नागपुरात सर्रास आहे. मूल बोलत नाही म्हटल्यावर "एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवा" असा सल्ला शाळा देते आणि काही सेंटरंही देतात. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं भाषाविलंब होत नाही. पालकांनी स्वतःला न येणाऱ्या भाषेत बोलायला लागणं मात्र नुकसानीचं. "कम, सिट, ईट, नो" एवढ्यावर आलेल्या घरात मुलाला गोष्ट कोण सांगणार? थेरपी ज्या भाषेत आई रागावते आणि लाड करते त्या भाषेत सुरू व्हावी. जरीपटक्यात ती सिंधी किंवा हिंदी असेल, महालात मराठी. थेरपिस्टला ती येत नसेल तर निदान शब्दांची यादी घरच्यांकडून घ्यावी.

याद्यांचंही तसंच. आयात केलेल्या फ्लॅशकार्डांत इग्लू असतं, यॉट असतं. इथल्या लेकराला संत्रं, कूलर, पोहे, ई-रिक्षा, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल लागतो.

चांगलं सेशन कसं दिसतं

न बोलणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलाचं सेशन टेबल-खुर्चीवर सुरू झालं तर पहिली शंका घ्यावी. सतरंजी, खाली बसलेली थेरपिस्ट, घट्ट झाकणाच्या दोन पारदर्शक बरण्या, साबणाचे फुगे, चावीची गाडी, एवढं पुरतं. बरणीत मुलाच्या आवडीची वस्तू दिसते, पण झाकण त्याला उघडत नाही. थेरपिस्ट काही बोलत नाही, बघत थांबते. पाच ते दहा सेकंद. ही शांतता नवख्या माणसाला सोसत नाही, तो लगेच "बोल, काय पाहिजे? बोल ना!" सुरू करतो. मुलानं बरणी हातात दिली, आवाज काढला, बघितलं, काहीही केलं की ती म्हणते "उघड!" आणि उघडते. पुन्हा बंद. असं आठ-दहा वेळा. मग बरणी आईच्या हातात देते आणि आईला करायला लावते. आई हमखास घाई करते, तिला थेरपिस्ट खुणेनं थांबवते. या तीन मिनिटांसाठी फी भरायची असते.

सुरुवातीचे शब्द कोणते निवडलेत त्यावरून बाईंची समज कळते. रंग, आकडे, एबीसी, जंगली प्राणी यांनी सुरुवात झाली तर ते पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला शिकवणं आहे. दे, नको, अजून, चल, उघड, झालं, ये हे शब्द आखूड आहेत, दिवसातून पन्नासदा लागतात आणि त्यांनी काहीतरी घडतं. मराठीला आज्ञार्थाची रूपं इतकी छोटी मिळाली आहेत, त्याचा फायदा न घेणं हा करंटेपणा.

"हे काय? हे काय? आणि हे?" अशी सरबत्ती करणारं सेशन ही परीक्षा झाली. प्रश्नांपेक्षा सांगणं जास्त हवं. मुलानं "दूध" म्हटलं तर "दूध दे", त्यानं "गाडी गेली" म्हटलं तर "गाडी भुर्र गेली", मुलाच्या वाक्याहून एक पाऊल पुढे, बास. आणि "म्हण चेंडू" म्हटल्यावर "चेंडू" म्हटलेला शब्द वहीत नवीन शब्द म्हणून चढवला असेल तर ती नोंद खोटी. स्वतःहून, योग्य वेळी, निदान दोन वेगळ्या ठिकाणी वापरला तरच तो शब्द त्याचा.

बक्षीस म्हणून मोबाइल दाखवणारं सेंटर सरळ सोडावं. घरी पडदा कमी करा म्हणून समुपदेशन करायचं आणि खोलीत त्याच पडद्यावर बसवायचं!

बोबडं, तोतरं, आणि शिट्ट्यांचा डबा

बोलीत आपण दोन्हींना एकच शब्द लावतो, त्यातून चुकीच्या उपचाराला सुरुवात होते. "काका"ला "ताता", "गाय"ला "दाय", "राजा"ला "लाजा" म्हणणं हे बोबडं. "म-म-म-मला" असं अडकणं हे तोतरं. उपचार पूर्ण वेगळे.

बोबड्याला वय लागतं. तीन वर्षांच्या मुलाचं निम्म्याहून अधिक बोलणं अनोळखी माणसाला कळायला हवं, चार वर्षांपर्यंत जवळपास सगळं. क-ग चार वर्षांनंतरही येत नसतील तर काम सुरू करावं. र मात्र उशिरा येणारा आवाज आहे, तीन वर्षांच्या मुलाला "र" घोटायला लावणारी जागा पैसे खाते आहे. पुढचे दात पडल्यावर स बिघडतो तो दात आल्यावर बरेचदा सुधारतो.

"क"च्या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी कानानं फरक: "कार" आणि "तार", "काप" आणि "ताप" यांची चित्रं ठेवून कोणतं म्हटलं ते दाखवायचं. मग सुटा आवाज. त्यासाठी मुलाला पाठीवर झोपवलं की जीभ आपसूक मागे जाते, हवं तर चमच्याच्या दांड्यानं टोक हलकं खाली धरायचं. मग का-की-कू, मग शब्दाच्या सुरुवातीला, शेवटी, मध्ये, मग दोन शब्द, वाक्य, गोष्ट, गप्पा. एका पायरीवर दहांपैकी आठ-नऊ वेळा बरोबर आल्याशिवाय पुढची नाही. अर्ध्या तासात मुलाच्या तोंडून तो आवाज निदान पन्नास-साठ वेळा निघायला हवा. एक दिवस आत बसून मोजा. चित्रात रंग भरण्यात वेळ गेला आणि क बारा वेळा आला, तर तो ड्रॉइंगचा क्लास.

आता शिट्ट्यांचा डबा. मेणबत्ती विझवणं, स्ट्रॉनं फुंकणं, जिभेचे व्यायाम, ओठांवर कंप देणारी बॅटरीची काडी. हे सगळं आकर्षक दिसतं, घरच्यांना "व्यायाम" म्हणून पटतंही. पण फुंकल्यानं उच्चार सुधारतो याला पुरावा नाही. बोलताना जीभ जे करते ते बोलूनच शिकते. गिळण्या-चावण्याच्या अडचणीत, लाळ गळण्यात थेरपिस्टकडे यातलं काही करायला कारण असू शकतं, ते तिनं सांगावं. उच्चारासाठी अर्धं सेशन शिट्टीत घालवणाऱ्या सेंटरचे आम्ही एक गुण कापतो, आणि किट विकत घ्यायला लावलं तर दोन.

घरगुती उपायांचंही एका ओळीत: पोपटाच्या उष्ट्या पेरूचं एकवेळ सोडा, पण वेखंड मधात उगाळून तान्ह्याला चाटवू नका, वर्षाखालच्या बाळाला मध धोक्याचा आहे. आणि जिभेखालची शीर आखूड असली तर काही उच्चार अडू शकतात, पण मूल मुळीच बोलत नाही याचं कारण ती शीर नसते. कापून घ्या म्हणणाऱ्याला दुसरं मत विचारावं.

तोतरेपणा दोन ते पाच वर्षांत सुरू होतो आणि बऱ्याच मुलांत आपोआप जातो. मुलगा असणं, घरात कुणाला असणं, साडेतीन वर्षांनंतर सुरू होणं, सहा महिन्यांहून जास्त टिकणं, यांतलं काही असेल तर थांबू नये. लहान मुलांसाठी लिडकोंब ही पद्धत वापरतात. तीत काम आई-वडीलच रोज घरी करतात आणि अडखळण्याला ० ते ९ असा आकडा देऊन नोंद ठेवतात. थेरपिस्ट आठवड्यातून एकदा. म्हणजे या तक्रारीसाठी आठवड्याला चार सेशन विकणाऱ्याला प्रश्न विचारायला जागा आहे. "हळू बोल, श्वास घे, पुन्हा म्हण" हे घरातलं पालुपद मात्र आजच बंद करावं.

मूल अजिबात बोलत नसेल, स्वमग्न असेल, तर चित्रांची पाटी किंवा ॲप सुचवणारी थेरपिस्ट हार मानते आहे असं समजू नये. चित्रांनी मागायला लागल्यानं बोलणं मागे पडत नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मोफत आहे आणि मराठीत चालतं, सुरुवातीला पुरे. याउलट स्टेम सेल, ऑक्सिजनच्या कक्षात बसवणं असले उपाय थेरपीच्या जोडीला सुचवणाऱ्या ठिकाणी पायरी चढू नये. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार सुचवणं किंवा त्याची जाहिरात करणं हे गैरवर्तन ठरवण्याची भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळानं २०२२ मध्येच घेतली आहे.

पैशाचा हिशोब

दर प्रत्येक सेंटरचे निराळे, म्हणून इथे यादी देत नाही, मोजायची रीत देतो. समजा ४५ मिनिटांच्या सेशनला ५०० रुपये, महिन्याला १२ सेशन, ६,००० रुपये. चप्पल काढणं, रडणं, आवराआवर, वहीत नोंद यांत १५ मिनिटं जातात असं धरा. उरली ३० मिनिटं. म्हणजे महिन्याला ३६० मिनिटांचं काम, मिनिटाला साधारण १७ रुपये. दुसरीकडे ७०० रुपयांचं सेशन, आठवड्याला दोनच, पालक आत, ४५ मिनिटांतली ४० कामाची. महिन्याला ५,६०० रुपये, ३२० मिनिटं, मिनिटाला साडेसतरा. दर जवळपास सारखा, पण इथे मिनिटागणिक दोन माणसं शिकतात, आणि येण्या-जाण्याच्या चार फेऱ्या वाचतात. ५०० वाल्या ठिकाणी एकाच खोलीत तीन मुलं तीन सतरंज्यांवर आणि थेरपिस्ट एक असेल, तर तुमच्या वाट्याला दहा मिनिटं. गट-सेशनला आमची ना नाही. चार वर्षांपुढे पाळीनं बोलायला शिकायला गट चांगलाच. तो वैयक्तिकच्या भावानं विकू नये एवढंच.

तीन महिन्यांची आगाऊ रक्कम भरली तर सूट मिळते. ती घेऊ नये. एक महिना, फार तर. मुलाला ताप आला, थेरपिस्ट रजेवर गेली, नवीन माणूस आला, सेंटर सोडायचं ठरलं, या चारही वेळी पैशांचं काय, हे लिहून मागावं. "लॅप्स", म्हणजे न झालेल्या सेशनचे पैसे बुडाले, हा शब्द रिसेप्शनवर ऐकू आला की पेन बाहेर काढावं. स्पीच, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पेशल एज्युकेशन असा तिन्हींचा जोडपॅक सरसकट सगळ्यांना दिला जात असेल, तर प्रत्येकाचं वेगळं कारण अहवालात दाखवायला सांगावं. नुसतं बोबडं बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला झोपाळ्यावर झुलवून क येत नाही.

पावती छापील, नोंदणी क्रमांकासह घ्यावी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची, त्यात थेरपीच्या खर्चाला वेगळी मर्यादा असते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची, तीव्र असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट पालकांना मिळते. बिनपावतीचं सेंटर कितीही स्वस्त असलं तरी विम्याचा दावा तिथेच अडकतो.

सरकारी वाट सोडून देऊ नये. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं केंद्र सीआरसी, बालस्वास्थ्य कार्यक्रमाखालचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तिथे गर्दी आहे, तारीख लांबची मिळते, आठवड्याला तीनदा कुणी घेणार नाही. पण तपासणी, प्रमाणपत्र, श्रवणयंत्र, पाच वर्षांखालच्या मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं यंत्र) केंद्राच्या ॲडिप योजनेचा अर्ज ही कामं तिथून आणि नियमित थेरपी खासगीत, अशी वाटणी परवडते.

गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरहून येणाऱ्यांनी आठवड्याला दोनदा नागपूर गाठण्यापेक्षा महिन्याला एकदा प्रत्यक्ष आणि बाकी ऑनलाइन असं विचारून बघावं. लहान मुलाला स्क्रीनसमोर बसवून थेरपी होत नाही. फोन कपाटाला टेकवायचा, आई मुलाशी खेळते, थेरपिस्ट तिच्या कानातल्या इअरफोनवर सांगते, "थांब, आत्ता नको बोलू, बघू दे त्याला." हे चालतं, कधीकधी सेंटरपेक्षा बरं चालतं, कारण खेळणी घरची असतात.

शहरातल्यांनीही जवळचं बघावं. धंतोलीत गाडी लावायलाच वीस मिनिटं जातात. काँग्रेसनगर किंवा रहाटे कॉलनी मेट्रो स्टेशनवरून चालत येणं बरं. दुपारी दोन ते चारची वेळ स्वस्तात मिळाली तरी पेंगणाऱ्या मुलासाठी ती महागच.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये खोलीत डेझर्ट कूलर घरघरत असेल तर स आणि श त्यात बुडतात. श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला तर बाईंपेक्षा कूलर मोठा ऐकू येतो. सेशनपुरता बंद ठेवा म्हणावं किंवा एसीची खोली मागावी. घाम आणि कूलरची ओल श्रवणयंत्रात शिरते, म्हणून रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, बॅटरी आधी काढून. कानातला साचा मूल वाढतं तसा सैल होतो, शिट्टी वाजायला लागली की आवाज कमी करू नये, साचा बदलावा.

थेरपी थांबवायची वेळ आली की सेंटर स्वतःहून क्वचित सांगतं. उद्दिष्टं पूर्ण झाली असतील, किंवा तीन महिने तीच उद्दिष्टं तशीच पडून असतील, दोन्ही वेळा तुम्हीच विषय काढावा. पहिल्या बाबतीत आठवड्याला एक, मग पंधरवड्याला एक असं कमी करत आणावं आणि दोन-तीन महिन्यांनी एक तपासणी ठेवावी. दुसऱ्या बाबतीत वेगळ्या थेरपिस्टचं मत घ्यावं. जाताना सुरुवातीचा अहवाल, सेशनच्या नोंदी आणि शेवटचं मोजमाप यांची झेरॉक्स मागून घ्यावी, नाहीतर नवीन सेंटर पहिल्या तपासणीची फी पुन्हा लावतं.